एक खरी पत्रिका

मजकूर वाचायचा नसतो, जुळवायचा असतो. माझे वडील छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे तेव्हा हे वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असायचं. वाचत बसलं की मन अर्थात अडकतं आणि हात चुकतो. पनवेलच्या जुन्या बाजारातली त्यांची प्रेस माझ्याकडे आली, खिळे जाऊन कॉम्प्युटर आला, तरी ही सवय काही गेली नाही. लग्नाची पत्रिका असो की मयताची, समोरच्या कागदावरून डोळे सरकतात, बोटं चालतात आणि मनात आज भाजी कुठली करायची याचा विचार चाललेला असतो. त्या सकाळीही तेच चाललं होतं. भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला गेले होते, तिथून परतले ती थेट प्रेस उघडली. एक टेम्पोवाला आला, काउंटरवर कागद ठेवून म्हणाला, "उत्तरकार्याच्या पत्रिका हायत. शेठ येतील दुपारी न्यायला." आणि समोरच्या टपरीवर चहाला गेला. उत्तरकार्याची फाइल माझ्याकडे तयारच असते. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' वगैरे सगळं आधीच लिहिलेलं. फक्त नाव, गाव, तारीख आणि खालची नातेवाइकांची नावं बदलायची. मी बदलत गेले. 'कै.' फायलीत होतंच. त्याच्यापुढे नाव घातलं, वडिलांचं नाव घातलं, मुक्काम नेरे घातलं. मग खाली 'आपले दुःखांकित' यात भावाचं नाव आलं, दामोदर... आणि बोटं थांबली. नेऱ्याचा दामोदर म्हणजे विटा-रेतीवाला दामाशेठ. दामाशेठला भाऊ एकच. मान वर करून मीच लिहिलेलं नाव मी स्क्रीनवर वाचलं. कै. जनार्दन.

यावर मी काय केलं असेल? त्यालाच फोन लावला. 'अरे जना, हा काय चावटपणा आहे' असं त्याला विचारायचं होतं, वाक्यसुद्धा तोंडात तयार होतं. रिंग शेवटपर्यंत वाजली. मग चपला न घालताच रस्ता ओलांडून टपरीवर गेले आणि त्या टेम्पोवाल्याला म्हटलं, "हे कोणाचं आहे? कुठला जनार्दन?" तो बिचारा घाबरला. "तुमाला म्हाईत नाय? आपले जनाशेठ. सकालचा चाय पीत व्हते शेतावर. कप हातातच ऱ्हायला." मी त्याला पुन्हा विचारलं, कुठला जनार्दन? त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मला वाटतं मी तिसऱ्यांदाही विचारलं. टपरीवाल्यानं मला बसायला बाकडं पुढे केलं, पण बसायचं कसं हेच मला सुचेना.

आज या गोष्टीला महिना उलटून गेला. अजूनही मला ते पटलेलं नाही. दुःख वगैरे पुढची गोष्ट, त्यासाठी आधी ते खरं वाटावं लागतं. माझ्या हातांना ती बातमी माझ्याआधी कळली आणि त्यांनी ती मला न सांगता टाइप करून टाकली, या गोष्टीचाच धक्का अजून ओसरत नाही.

जनार्दन माझा नात्याचा कोणी नव्हता. नेऱ्याकडच्या आगरी घरातला, जमीनजुमलावाला. थोरला भाऊ विटा-रेतीच्या धंद्यात उतरला, हा तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टला. गळ्यात जाड चेन, बुडाखाली बुलेट आणि पाठीवर लॅपटॉपची बॅग, तिच्यावर पेंग्विनचं स्टिकर. गावातली माणसं त्याला 'बदकवाला' म्हणायची आणि तो प्रत्येकाला थांबवून ते बदक नसून पेंग्विन आहे आणि लिनक्स नावाच्या सिस्टीमची ती खूण आहे हे समजावून सांगायचा. ऐकणारा हो हो म्हणून निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'काय बदकवाले' म्हणून हाक मारायचा. नम्रपणा हा प्रकार देवानं त्याला द्यायचाच राहून गेला होता. आवाज असा की तो पायरीवर असतानाच आतल्या खोलीत पत्रिका मोजणाऱ्या बायका म्हणायच्या, आले.

तो पहिल्यांदा आला तो पुतण्याच्या हळदीची पत्रिका घेऊन. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची लग्नसराई. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, पत्रिका वेगळी, नावं दोन्ही बाजूंना मावत नाहीत. आणि नेमका त्याच दिवशी माझ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरून सगळं ठप्प झालेलं. गिऱ्हाइकं दारात, मी डोळ्यांत पाणी आणून स्क्रीनकडे बघत बसलेली. हा माणूस काउंटरचं फळकूट उचलून सरळ आत आला. "रडतंस कशाला गो बाय? मना बगू दे." मी बघू दिलं. संध्याकाळपर्यंत त्यानं माझ्या जुन्या फायली वाचवल्या, विंडोज पुसून टाकलं आणि लिनक्स घातलं. पैसे नाहीत, चोरीची कॉपी नाही, व्हायरस नाही. मी म्हटलं, देवमाणूस आहे. मग मी माझं पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडायला गेले, तर ते उघडेना. ते विंडोजसाठीच केलेलं होतं. त्यातले मराठी फॉन्ट त्याचे स्वतःचे, माझ्या सगळ्या फायली त्याच फॉन्टमधल्या. म्हटलं, "अहो देवमाणूस, पत्रिका निघत नसेल तर तुमचं हे बदक मी काय मांडीवर घेऊन बसू?"

त्यावर त्यानं तोंड वाकडं करून एक युक्ती केली. लिनक्सवर असा एक थर चढवता येतो की विंडोजच्या प्रोग्रामला आपण आपल्या घरीच आहोत असं वाटतं. त्यानं काही मागितलं की हा थर ते लिनक्सच्या भाषेत सांगतो आणि आलेलं उत्तर पुन्हा त्याच्या भाषेत देतो. जनार्दन त्या थराला दुभाष्या म्हणायचा. दुभाष्या बसला, माझं सॉफ्टवेअर उघडलं, हळदीची पत्रिका वेळेवर गेली आणि आमचं भांडण सुरू झालं. ते शेवटपर्यंत चाललं.

त्याचं म्हणणं, हे दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं आहे. लिनक्सवर राहायचं तर लिनक्सच्याच मातीतले प्रोग्राम वापरावेत, त्यांचं पोट आपल्याला उघडून बघता येतं, बिघडलं तर दुरुस्त करता येतं. दुभाष्याच्या जिवावर किती दिवस संसार करणार? माझं म्हणणं, तहानलेला माणूस ओंजळ कोणाची ते बघत नाही. पनवेलमधल्या निम्म्या घरांच्या पत्रिका त्या जुन्या फॉन्टमध्ये माझ्याकडे आहेत. थोरल्याच्या लग्नाची होती तशीच धाकट्याची करा, असं म्हणत माणसं येतात. त्यांना मी काय सांगू, की तुमची फाइल विंडोजच्या मातीतली होती, ती आता परकी झाली? तो म्हणायचा, "परकी नाय गो, पन तिला आपली करायला पायजे." मी म्हणायचे, "कर बाबा, तू कर. मी तोवर पोट भरते."

दुभाष्याचे नखरे मीही सोसले, नाही असं नाही. एकदा ऐन सराईत जनार्दननं मोठ्या उत्साहानं सगळी सिस्टीम नवी केली आणि दुसऱ्या दिवशी माझं सॉफ्टवेअर उघडेना. काउंटरवर मोहल्ल्यातले रफिकचाचा बसलेले. मुलीचं लग्न, जावई कुवेतवरून येणार, विमानाचं तिकीट निघालेलं. मी जनार्दनला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो पहिली पाळी टाकून तळोज्याहून आला, जेवला नाही, चहा घेतला नाही. चाचाच त्याला म्हणाले, "अरे बेटा, दो घास खाऊन घे, निकाह पुढच्या महिन्यात आहे." दुभाष्या पुन्हा बोलू लागला तेव्हा जनार्दन घाम पुसत म्हणाला, "बगितलास? दुभाष्या आजारी पडला की दोनी बाजू मुक्या." चूक त्याची आणि सुनावणारही तोच. मी त्याच्या अंगावर पाण्याची बाटली फेकली होती हे मला चांगलं आठवतं, आणि त्यानं ती झेलून प्यायली होती तेही.

त्याच सराईनंतर त्यानं 'खिळा' लिहायला घेतला. पत्रिका जुळवायचा प्रोग्राम, मुळातूनच लिनक्सचा, सगळ्यांसाठी खुला. माझ्या वडिलांच्या खिळ्यांची पेटी अजून माळ्यावर आहे, तिच्यावरून त्यानं ते नाव घेतलं. सुट्टीच्या दिवशी तो माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायचा आणि माझी बोटं बघायचा. मी टाइपरायटरवर शिकले, त्यात माझ्या स्वतःच्या सवयी मिसळल्या, त्यामुळे माझा कीबोर्ड जगात कोणाच्याच कीबोर्डसारखा नाही. 'ळ' मी कुठल्या बोटानं मारते, जोडाक्षराला आधी कुठे जाते, हे सगळं त्यानं तसंच्या तसं खिळ्यात उतरवलं. परिणाम असा की तो प्रोग्राम मी सोडून दुसऱ्या कोणालाच चालवता येईना. एका कॉलेजात त्याला खिळा दाखवायला बोलावलं होतं. तिथे त्यानं आपल्या नेऱ्याच्या बोलीत भाषण ठोकलं आणि मग पोरांना कीबोर्डवर बसवलं, तर एकालाही स्वतःचं नाव लिहिता आलं नाही. परत येऊन हसत हसत सांगत होता, "अर्धी पोरा झोपली, अर्धी पलाली." मी म्हटलं, "खुला म्हणे सगळ्यांसाठी!" तर म्हणतो, "खुलाच हाय. ज्याला यायचाय त्यानं तुज्यासारखा टायपिंग शिकून यावा."

प्रत्येक नवी आवृत्ती तो पेनड्राइव्हवर घेऊन यायचा आणि मी तिच्यातल्या चुका काढायचे. हे काम मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? एकदा खिळ्यानं माझी नमुन्याची पत्रिका जतन करता करता गिळूनच टाकली, तेव्हा तर मला आठवडाभर पुरेल इतका आनंद झाला. तो मात्र सगळं ऐकून घ्यायचा आणि दुरुस्त करून आणायचा. फक्त एका बाबतीत त्यानं कधीच ऐकलं नाही. खिळ्यात पत्रिका उघडली की सर्वात वर '॥ श्री गणेश प्रसन्न ॥' ही ओळ आपोआप यायची. मी म्हटलं, मोहल्ल्यातली गिऱ्हाइकं आहेत माझी, त्यांचं काय? तर त्यानं बिस्मिल्लाची ओळ घातली. कुलदैवताची सोय केली. पण ओळ रिकामी ठेवायची सोय काही केली नाही. रिकामी ठेवली की प्रोग्राम पुढेच जाऊ द्यायचा नाही. "देव कंचा पन निवड, पन देव पायजे," म्हणायचा. मी म्हटलं, "आणि उत्तरकार्याची असेल तर? तिच्यावर देव घालायचा नसतो हे तुझ्या आईनं सांगितलं नाही तुला?" एवढा कारखान्यातला, यंत्रांतला माणूस, पण चेहरा पडला त्याचा. म्हणाला, "ती आपल्याला करायचीच नाय. मरनाचा काम तुज्या त्या दुभाष्याला दे."

आणि एवढं करून खिळ्यावर एकही खरी पत्रिका निघाली नव्हती. नमुन्याच्या निघाल्या. रामाचं सीतेशी लग्न आम्ही कितीदा लावलं असेल देव जाणे. पण गिऱ्हाइकाचं काम मी त्याच्यावर कधी घेतलं नाही. तो मागायचा. दरवर्षी तुळशीचं लग्न झालं, सराई जवळ आली की स्टुलावर बसून म्हणायचा, "एक दे ना गो बाय. एकच. खरी." मी म्हणायचे, लोकांच्या घरचं कार्य प्रयोगासाठी नसतं. मुहूर्त चुकला छापण्यात, तर तू भरून देणार आहेस का? तो पुढच्या आवृत्तीला लागायचा. मला यात माझं काही चुकलं असं अजूनही वाटत नाही. कोणीही छापणारा हेच म्हणेल. पण या भांडणात त्याच्याजवळ वेळ किती होता हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं... आमच्या दोघांच्या हिशेबात खूप होता. रत्नागिरीला निघाले त्याच्या आदल्या दिवशी तो आला होता. पळस्पे फाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकून वैतागलेला. खिळ्याची नवी आवृत्ती माझ्या मशीनमध्ये टाकली आणि म्हणाला, "तू ये जाऊन, मंग दाखवतो. आता चुका काडून दाखव." मी म्हटलं, आल्यावर बघू. हेच माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. आल्यावर बघू.

टपरीवरून मी परत आले तेव्हा स्क्रीनवर ती पत्रिका तशीच उघडी होती, दुभाष्याच्या थरावर चाललेल्या माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. दामोदरच्या नावापुढे कर्सर उघडझाप करत होता. आता खालची उरलेली नावं घालून 'प्रिंट' म्हणायचं तेवढं बाकी होतं. ज्या दुभाष्याशी त्यानं जन्मभर उभा दावा मांडला, त्याच्याच तोंडून त्याची शेवटची बातमी नातेवाइकांच्या घरी जाणार होती. मला एकदम राग आला. त्याचा, माझा, त्या कपाचा, कोणाचा ते मला नीट सांगता येत नाही. मी ती फाइल बंद केली. 'जतन करायची का' असं सॉफ्टवेअरनं विचारलं, मी नाही म्हटलं. आणि खिळा उघडला.

बोटांना काही शोधावं लागलं नाही. सगळी अक्षरं मला हवी तिथेच होती, कारण ती माझ्याच बोटांवरून उतरवलेली होती. जोडाक्षरं नीट पडत होती. या वेळी मी मजकूर वाचत वाचत जुळवला, एकेक शब्द. कळविण्यास. अत्यंत. दुःख. वडील असते तर ओरडले असते. चूक मात्र एकही झाली नाही, आणि खिळ्यानंही काही गिळलं नाही. नवी आवृत्ती खरंच चांगली होती. मी शेजारच्या स्टुलाकडे बघून तसं म्हणालेही बहुतेक.

पण वर ती ओळ होती. ॥ श्री गणेश प्रसन्न ॥. मी ती काढायला गेले तर प्रोग्रामनं मला 'देव निवडा' असं सांगितलं. पुन्हा काढली, पुन्हा तेच. त्याच्या आडमुठेपणाचा इतका संताप मला तो जिवंत असतानाही कधी आला नव्हता. अरे, मेलास ना तू? मग आता तरी हट्ट सोड! मी हे मोठ्यानं बोलले. आतल्या बायका बाहेर येऊन बघू लागल्या आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं. दुसरा कोणी हुशार असता तर त्यानं प्रोग्रामचं पोट उघडून ती ओळ काढली असती, त्याच्यासाठीच तर तो खुला ठेवला होता. मला त्यातलं काही येत नाही. मला छपाईतली एकच खात्रीची युक्ती ठाऊक आहे. मी पत्रिका देवासकट छापल्या, गठ्ठा नीट ठोकून कटिंग मशीनखाली सरकवला आणि वरची ओळ कापून काढली. पातं खाली आलं तेव्हा मी डोळे मिटले होते. वडिलांनी बघितलं असतं तर त्यासाठीही ओरडले असते.

दुपारी दामाशेठ आला. धाकट्या भावाच्या बदक-पेंग्विनवर सगळ्यात जास्त हसणारा हा. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. पत्रिका हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला. म्हणाला, "बाय, यो कागद आखूड वाटतोय."

"वरून कापलाय."

"का?"

"जनाच्या प्रोग्रामवर केल्यात. त्यात वरचा देव काढता येत नाही. म्हणून कापला."

त्यानं पुन्हा पत्रिका बघितली. डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली. भावाच्या नावावरून अंगठा फिरवला, शाई लागते का बघतात तसा. मग त्यानं हळूच विचारलं, "चालतो तं मंग? त्याचा यो..."

"चालतो," मी म्हटलं. "चांगला चालतो."

दामाशेठनं मान हलवली आणि पत्रिकांचा गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरून पायऱ्या उतरला.

त्यानंतर खिळ्यावर मी दुसरी कुठलीही पत्रिका केलेली नाही. सराई भरात आली आहे, गिऱ्हाइकं जुन्या फायली मागतात आणि दुभाष्या त्या निमूट काढून देतो. करीन, एखादी हळदीची करीन, हे मी मनाशी ठरवलंय, पण हात अजून धजत नाही. कटिंग मशीनखाली त्या दिवशी पडलेल्या पट्ट्या मात्र समोर आहेत. कापलेला कागद आम्ही रोज पोत्यात भरून रद्दीवाल्याला देतो. या पट्ट्यांवर देवाचं नाव आहे, त्या रद्दीत कशा घालणार? आतल्या बायकांनी गोळा करून त्यांना रबरबँड लावला आणि कुठे ठेवायच्या ते विचारलं. मी दामाशेठचा गठ्ठा बांधत होते, तेव्हा त्यांनीच जागा बघून त्या स्टुलावर ठेवल्या. तिथेच आहेत. ॥ श्री गणेश प्रसन्न ॥, एकाखाली एक, प्रत्येक पत्रिकेची एक, त्याला हवं होतं तसंच. त्या दिवसापासून काम करताना कोपर स्टुलाला लागलं की मी मान वर न करताच म्हणते, बाजूला हो रे जना जरा... आणि मग आठवतं.